पुठ्ठ्यावर जागा नव्हती

भाऊ, तुमची तेरवी होऊन आज सोळा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतोच आहे. माझी बाजू हरली आहे, हे ऐकायला तेवढे तुम्ही नाही.

माणूस गेला की लोक त्याचा स्वभाव लिहितात, चाकरी किती झाली ते लिहितात, मागे कोण कोण आहे ते लिहितात. ते मी लिहिणार नाही. तलाठी म्हणून तुम्ही कसे होतात हे तुमच्या साजातल्या चार गावांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ती माणसं शेवटपर्यंत तुम्हाला पटवारीच म्हणत राहिली. मला फक्त पुठ्ठ्याचं बोलायचं आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून निघणार नाही.

विहिरींची योजना आली तेव्हा मला कचेरीत चिकटून वर्ष झालं नव्हतं. लहान कास्तकाराला सरकार विहीर खोदून देणार, अट एकच, जमीन दोन हेक्टरच्या वर नको. फॉर्म भरायचे तलाठ्यांनी आणि मास्तरांनी, आणि ते जाणार मुंबईला, एका यंत्राकडे. ते यंत्र आपल्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. त्याला अक्षर कळत नाही, नुसते आकडे कळतात, एका चौकटीत एक आकडा, असं वरून लिहून आलं होतं. गावाला आकडा, पिकाला आकडा, पाण्याला आकडा. यादी माणूस करणार नाही, यंत्र करणार. सोबत चाळीस पानांचं माहितीपुस्तक. साहेबांनी ते माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, "तुम्ही बी.ए. आहात. याचं एका कागदावर सार काढा. समोर टांगला की नव्या माणसाला फॉर्म भरता आला पाहिजे."

आमच्या घरात मी पहिला बी.ए. माझे वडील वरवटच्या बाजारात वांगी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकायचे. त्यांना कोणी विचारलं की पोरगं काय करते, तर ते आधी टोपी नीट करायचे आणि मग सांगायचे. मला ते सार म्हणजे परीक्षा वाटली. चार दिवस बसलो. कागदाच्या दोन्ही बाजू मुंगीच्या अक्षरात भरल्या. एकराला कितीने गुणलं की हेक्टर होतात तो आकडा दशांशाच्या चार घरांपर्यंत दिला. खाली झोकदार सही केली.

तुम्ही तो कागद हातात घेतलात, उलटा केलात, पुन्हा सुलटा केलात.

"ओ बी.ए., हा कागद व्हय का पोथी?"

"सगळे नियम आहेत त्यात, भाऊ."

"हावना. वाचता वाचता खरीप निघून जाईन."

सगळे हसले. मी हसलो नाही. सातवी शिकलेला माणूस मला हसतो, हे मला झोंबलं होतं. आज लिहितो, तेव्हा बोललो नव्हतो.

महिन्याभरात गठ्ठा परत आला. लाल पेन्सिलीने खुणा केलेले फॉर्म. ज्यांची जमीन दोन एकर वीस गुंठे, त्यांच्या चौकटीत आपल्या लोकांनी सरळ दोन आणि वीस लिहिलं होतं. हातच तसा वळलेला. आधी एकर, मग गुंठे. पण चौकट हेक्टर आणि आरची. यंत्राने वाचलं दोन हेक्टर वीस आर. अडीच एकरवाला माणूस एका फटक्यात साडेपाच एकरांचा झाला, आणि विहिरीच्या बाहेर. माझ्या कागदावर चार घरांचा दशांश होता. तो कोणीच वाचला नव्हता.

साहेब माझ्याकडे पाहत होते. माझे कान तापले. तेव्हा तुम्ही पाठीमागून बोललात.

"यंत्राचं काय चुकलं साहेब? त्या बिचाऱ्याले काय ठाव, आपला एकर चाळीस गुंठ्याचा अन त्याचा हेक्टर शंभर आरचा."

बाहेर आल्यावर तुम्ही मला कडुलिंबाखाली बसवलंत. तंबाखू मळत म्हणालात, "हे पाय बे. सगळ्याचे गुंठे कर. गुंठा म्हंजेच आर समज. मांगचे दोन आकडे आरच्या चौकटीत, पुढचे हेक्टरच्या. झालं."

मी मनात करून पाहिलं. दोन एकर वीस गुंठे, म्हणजे शंभर गुंठे, म्हणजे एक हेक्टर. बरोबर येत होतं. जवळजवळ बरोबर.

"शंभराला एक आर कमी पडतो, भाऊ. हे चूक आहे."

"एक आर त धुऱ्यात जाते."

"बांधाधुऱ्यात जातो म्हणून कागदावर चूक लिहायची?"

"कागद लायना ठेव. कागद कमी बोलला पायजे. जास्त बोलला का माणूस आयकत नाही, तुयासारखा."

त्या दुपारी आपण दोघांनी मिळून दुसरा कागद केला. एकच बाजू. मोठं अक्षर. तीन नियम, तीन भरलेल्या चौकटींचे नमुने, आणि एक नमुना मुद्दाम चुकलेला, त्यावर काट मारलेली. तो काट मारलेला नमुना तुमची कल्पना. तुम्ही म्हणालात, माणूस बरोबर गोष्ट पाहून विसरते, चूक पाहून ध्यानात ठेवते. मग तो कागद तुम्ही हुशार माणसाला दाखवू दिला नाही. "जो सगळ्यात जास्त चुकते त्याले दे, अन तू तोंड उघडू नोको." एका मास्तराला बोलावलंत, ज्याचा प्रत्येक फॉर्म लाल होऊन आला होता. तो बोट फिरवत भरत होता आणि मी ओठ दाबून बसलो होतो. तो तिसऱ्या चौकटीशी अडला. मी सांगायला गेलो, तर तुम्ही माझा गुडघा असा दाबलात की ओरडलो असतो. तो जिथे अडला तिथला शब्द आपण बदलला. पुन्हा भरायला दिलं. चौथ्यांदा तो न अडता उठला आणि विचारू लागला, "एवढंच?"

त्या "एवढंच"ने झाला तेवढा आनंद मला बी.ए.च्या निकालाला झाला नव्हता. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

कागद पुठ्ठ्यावर डकवला. सगळ्या साजांत पुठ्ठाच म्हणू लागले त्याला. पुढचा गठ्ठा गेला आणि एकही लाल खूण आली नाही. साहेबांनी सभेत माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो, नमस्कार केला आणि बसलो. तुम्ही मागच्या बाकावर होतात, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत. मला वळून तुमच्याकडे बोट दाखवता आलं असतं. एका क्षणाचं काम होतं. मी वळलो नाही.

आपण बिघडलो त्यानंतर.

तो एक आर मला झोपू देईना. दर शंभर गुंठ्यांमागे एक आर वाढवा, अशी चौथी ओळ पुठ्ठ्यावर घालायची, असं मी ठरवलं. हिशेबाने ते बरोबरच होतं. पण ओळ मावेना. जागा करायला मी वरचं शीर्षक छाटलं. फॉर्मवर होतं "लागवडीखालील क्षेत्र". मी पुठ्ठ्यावर नुसतं "क्षेत्र" ठेवलं.

तुम्ही पाहिलंत. "तो पयला शब्द काऊन खाल्ला?"

"जागा नव्हती. तुम्हीच म्हणता ना, कागद कमी बोलला पाहिजे?"

तुमचंच वाक्य तुमच्या तोंडावर मारलं म्हणून मी खूश होतो. तुम्ही म्हणालात, "बरं. वाढव तुया एक आर. पण पाच एकराच्या माणसाचं पाहून घेजो." आणि सायकल घेऊन गेलात.

पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. तुमच्या रीतीने दोन हेक्टर, बरोब्बर अटीत. माझ्या चौथ्या ओळीने दोन हेक्टर दोन आर. अटीच्या बाहेर.

उरलेले गठ्ठे या नव्या पुठ्ठ्यावरून भरून गेले, आणि यादी आली. इतर साजांतले पाच एकरवाले गळाले होते. मी म्हटलं, वाईट झालं, पण माप ते माप. मग तुमच्या साजाची यादी पाहिली. तुमचा पाच एकरवाला एकही गळाला नव्हता. सगळ्यांच्या पुढे एक हेक्टर अठ्ठ्याण्णव, एक हेक्टर नव्व्याण्णव.

भाऊ, मी तुम्हाला कचेरीच्या पायरीवर गाठलं होतं. चार माणसं ऐकत होती. मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि तुम्हालाही आठवत असणार. मी म्हणालो, "आकडे तुम्ही मोजता का पिकवता?"

कोणीतरी हसलं. तुमचा चेहरा उतरला नाही, उलट शांत झाला. त्याची मला जास्त भीती वाटली.

"एकदा येजो सोबत वावरात," तुम्ही म्हणालात.

"मला काम आहे."

"तेच त काम व्हय, बी.ए."

मी आत गेलो. त्यानंतर आपण बोललो, नाही असं नाही. कागद द्या, कागद घ्या. पाऊस झाला का, झाला. दोन वर्षं तेवढंच. मी तुमची तक्रार केली नाही, हा माझा तुमच्यावर उपकार आहे असं मी स्वतःला सांगत होतो. तुम्ही आजारी आहात कळलं तेव्हाही मी रविवारी येणार होतो. तो रविवार तुम्ही थांबला नाहीत.

तेरवीला आलो. मांडवाच्या कडेला बसलो. माझ्याजवळ एक बाई येऊन बसल्या, पार्बताबाई, तुमच्या साजातल्या. सातपुड्याच्या बाजूला त्यांचं मिरची-वांग्याचं वावर, पाच एकर. नवरा नाही. त्यांची विहीर पहिल्या यादीतली. मी त्यांचं नाव यादीत पाहिलं होतं, तोंड पाहिलं नव्हतं.

"तुमी ते बी.ए. साहेब ना?"

"हो."

"पटवारी तुमचं लय सांगे. म्हने, आमचा बी.ए. असा कागद लिहिते का आंधळ्यानंबी भरावा."

मी खाली पाहिलं. पण खरं सांगतो, तेव्हाही मी मनात म्हटलं, बाई, तुमचा आकडा खोटा आहे.

"मंग तुमी काऊन नाही आले कधी?" त्या म्हणाल्या. "थे त तीन खेपा आले. उन्हातानात. साखळीचं एक टोक माह्या हाती, एक त्यायच्या. म्या म्हनलं, भाऊ, धुरा काऊन मोजता, वावर मोजा ना! त म्हने, वावर मोजेलच हाय, धुराच मोजाचा राह्यला."

"धुरा मोजला?"

"धुरा मोजला, गाडरस्ता मोजला, नाल्यानं खाल्लेली कड मोजली. जिथी नांगर चालत नाही ते समदं. मंग सर्कल साहेबाले घेऊन आले, त्यायनं पाह्यलं, सही केली. माह्ये पाय दुखले, बाप्पा. पटवाऱ्याले म्हनलं, चहा घ्या. त म्हने, अजून दोन वावरं हायत."

मी तिथून जेवण न करता उठलो. माफ करा. तुमच्या तेरवीचा घास मोडला.

दुसऱ्या दिवशी सातबारा काढला. जी जमीन नांगराखाली येत नाही तिला आपण पोटखराब म्हणतो, तिचा वेगळा रकाना असतो, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक आहे. पार्बताबाईंच्या नावापुढे त्या रकान्यात तीन आर. शेजारी सर्कल इन्स्पेक्टरची सही आणि तारीख. तुमच्या प्रत्येक पाच एकरवाल्यापुढे असंच. कुठे तीन, कुठे चार. दोन हेक्टर दोन मधून गेले तीन, उरले एक हेक्टर नव्व्याण्णव. माझ्याच चौथ्या ओळीने केलेला, माझ्यापेक्षा चोख हिशेब. दोन वर्षं मी एकूणाचा रकाना बघत होतो आणि शेजारच्या रकान्यावर माझी नजर गेली नव्हती.

मग मूळ फॉर्म काढला. लागवडीखालील क्षेत्र. दोन शब्द. त्यातला एक मी जागेसाठी छाटला होता. तुमच्या साजात तुम्ही तो शब्द पायांनी भरून काढलात. इतर साजांतल्या नव्या पोरांनी मात्र पुठ्ठ्यावर विश्वास ठेवला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं क्षेत्र, त्यांनी भरलं क्षेत्र. माझ्या बिनचूक कागदाने अकरा माणसं गाळली होती. मी एक एक नाव मोजलं.

तुम्ही मला का सांगितलं नाही, भाऊ? पायरीवर चार माणसांसमोर एक वाक्य बोलला असतात तर मी मेलो असतो, पण ती अकरा घरं वाचली असती. तुम्ही मला वाचवलं की मला शिकवत बसलात? या गोष्टीचा मला राग आहे. तुम्ही गेलात तरी आहे. गप्प बसणं हा मोठेपणा असेल, पण त्याची किंमत आपण दोघांनी नाही दिली. आणि हे लिहिताना मला हेही कळतं की तुम्ही एकदा बोलावलं होतंत, आणि मला काम होतं.

दुसरी यादी आता निघते आहे, त्यासाठी पुठ्ठा नव्याने काढायचा हुकूम आहे. मी साहेबांकडे गेलो. साहेब तेच.

"साहेब, मागच्या यादीतली अकरा नावं माझ्यामुळे गळाली."

"तुमच्यामुळे? यंत्राने गाळली."

"जे भरलं ते यंत्राने वाचलं. भरायला मी सांगितलं."

त्यांनी चष्मा काढला. "हे लेखी द्याल?"

"आणलंय."

"तुमच्या नोकरीच्या कागदात लागेल हे. बी.ए. झालेला माणूस असं लिहून देतो का?"

"बी.ए. झालो म्हणून तर लिहिता येतं, साहेब."

तुम्ही असतात तर इथे हसला असतात. साहेब हसले नाहीत. म्हणाले, शनिवारी यादी मुंबईला जाते. त्याआधी वावरं मोजायची, सर्कलची सही घ्यायची, फॉर्म नवे भरायचे. एक दिवस वाढणार नाही. आणि मोजल्यावर नाही निघालं तर नाही निघालं.

मी विचारलं, "पुठ्ठा मूळचा दोघांनी केला होता, हेही लिहू का?"

"आता?"

"आता."

लिहिलं. पहिलं तुमचं नाव, मग माझं. साहेबांनी ते वाचलं आणि फायलीला लावलं.

नव्या पुठ्ठ्यावर खाल्लेला शब्द परत घातला आहे. सगळ्यात खाली, काट मारलेल्या नमुन्याच्या शेजारी, एक ओळ वाढवली आहे, "पाच एकराच्या आसपास असेल तर इथे ठरवू नका, वावरात जा." जागा झाली. माझी सही काढली की बरीच जागा होते.

आठ दिवसांत दहा वावरं मोजली. पायांना फोड आले. नऊ अटीत निघाली. एक नाही निघालं. सपाट, चौकोनी, धुऱ्याला धुरा, नाला नाही, रस्ता नाही. दोनदा मोजलं. त्या माणसाला मी तोंडाने सांगितलं, फॉर्ममधून कळू दिलं नाही. तो म्हणाला, "बरं." एवढंच. मी बांधापर्यंत गेलो तरी तो तसाच उभा होता.

आज शुक्रवार. शेवटचं वावर शालिग्रामचं. साठीचा माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा. गेले दोन उन्हाळे घागरींनी मिरची जगवतो. धुरे आणि गाडरस्ता मिळून एकच आर भरला. अजून एक लागत होता. सर्कल निंबाखाली घड्याळ पाहत बसलेले. शालिग्राम मला नाल्याकडे घेऊन गेला. दरवर्षी पाणी कड खाते तिथे. साखळीचं एक टोक त्याने धरलं, एक मी.

"पयले काऊन नाही आले?" त्याने विचारलं. रागाने नाही. नुसतं विचारलं.

"चुकलो," मी म्हणालो. "कागद माझा चुकला."

त्याने पायाने नाल्याची कड चाचपली. मग म्हणाला, "चुकले त चुकले. साखळी ताना."

मी पाहिलं. माझ्या बाजूने साखळी लोंबत होती. ढिल्या साखळीने माप जास्त भरतं, हे मला ठाऊक होतं. हात दमून सैल पडला होता की मनाने पाडला होता, ते मात्र मी तुम्हालाही शपथेवर सांगू शकणार नाही, भाऊ.

"ताना ना साहेब," तो म्हणाला. "मले जास्तीचं नोको. जेवढं हाय तेवढं लिहा."

मी ताणली. दोघांनी ताणली, खण्ण वाजेपर्यंत. सर्कल उठून आले, वाकून त्यांनी कडी पाहिली, आकडा मोठ्याने म्हटला आणि खिशातून पेन काढलं.

एक आर लागत होता, भाऊ. सव्वा निघाला.